निम्मं जुनं ठेवायचं

...आणि रविवारीसुद्धा, तुम्हाला सांगतो, रविवारीसुद्धा ही सकाळी सातला घराबाहेर. का, तर पेशींना जेवू घालायचंय. आमची ही मेंदूवर संशोधन करते. म्हातारपणी माणूस विसरायला लागतो ना, तेव्हा पेशीच्या आत नेमकं काय बिनसतं, ते शोधते. बशीत पेशी, त्यांच्यावर गुलाबी पाणी, तेच त्यांचं अन्न, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं... पण सगळं नाही हं, निम्मंच. बावीस वर्षं ऐकतोय मी, "अहो, निम्मं जुनं ठेवायचं असतं, त्यात त्यांनीच सोडलेलं काहीबाही असतं, त्यावर त्या तगतात." मी म्हणतो, असेल बुवा, चहा मिळेल का?

आता या पेशी कोणाच्या? तर माझ्या सासऱ्यांच्या. ऐका तर. सासरेबुवा शिंपी, चाळीस वर्षं दुकान चालवलेलं, माझ्या लग्नाचा कोटसुद्धा त्यांनीच शिवला. मग विसरायला लागले. एक बाही लांब, एक आखूड... तेव्हा हिनं समजावलं, बाबा, पेशीतल्या प्रथिनांची घडी चुकते, गुठळ्या साठतात आणि पेशीला आपला कचरा आवरेनासा होतो. तर म्हणाले, "घडी चुकली होय, मग सुरकुती पडणारच. घे, बघ कापून," आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी चिमूटभर कातडी काढली, तिच्यातून हिनं मेंदूच्या पेशी घडवल्या, महिनोन् महिने जपल्या. नवऱ्याला इतकं जपलं नाही कधी, पण ते जाऊ द्या. तिला एकच घाई होती, बाबा आपल्याला विसरायच्या आत काहीतरी सापडलं पाहिजे.

मग सासऱ्यांना आमच्याकडे आणलं. आणि हिनं काय केलं? त्यांच्यासाठी खोली नवी करकरीत. नवा पलंग, नवं कपाट, भिंतीला नवा रंग, आणि त्यांच्या दुकानातलं शिलाई मशीन, सामानासकट, सुई टोचेल म्हणून, अडगळीत. मी म्हटलं, अगं, सगळंच? तर म्हणे, "त्यांना चांगलं नको का मिळायला?" सासरे आठ दिवस दाराशी उभे, जेवेनात, झोपेनात, "दुकान कुठंय? दुकान उघडायचंय." नवव्या दिवशी हिलाच म्हणाले, "बाई, कापड आणलंत का?" मला हसू येत होतं... हिचं तोंड बघितलं आणि चहा टाकायला उठलो.

त्यानंतरच्या रविवारी ही लवकर परत आली. खांद्यावरची पिशवीही न काढता खुर्चीत बसली. "शुक्रवारी सगळं पाणी काढलं मी, निम्मं ठेवायचं विसरले. बाबांच्या पेशी गेल्या." जिनं इतक्या जणांना हे शिकवलं, तिनं. रडत होती हो. मला त्यातलं काय कळणार, मी आपलं बावळटासारखं विचारलं, "म्हणजे सगळं ताजं दिलं, म्हणून मेल्या? ताजं तर चांगलंच ना?"

"चांगलंच होतं," ती म्हणाली, आणि दाराशी उभ्या बाबांकडे बघत राहिली.

मग उठलीच. मशीन दोघांनी ओढत आणलं, सुई काढली, जुनं स्टूल ठेवलं, खडूचा डबा ठेवला, टेप त्यांच्या गळ्यात घातली. पलंग नवाच राहू दिला. निम्मं जुनं ठेवायचं, दुसरं काय. सासरे बसले, चाकावरून हात फिरवला, पाय चालवायला लागले. ताट आणलं, तर जेवले. जेवता जेवता हिला म्हणाले, "पोरी, आज लवकर सुटलीस ग?" ही ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

आता आजार बरा झाला का? नाही. हीच म्हणते, "हे औषध नव्हे, हे नुसतं तगणं आहे." कातडीच्या थोड्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय, म्हणून तर आमचे रविवार गेले.

आणि मी? मुलगी त्यांच्या जुन्या निम्म्यात राहिली, मी गेलो नव्यात. रोज सकाळी मशीनवरून हाक येते, "या साहेब, पहिल्यांदाच येताय ना दुकानात? हात वर करा." मी करतो हात वर. माप घेतात, टेपकडे बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "तुमच्यासारख्याच एकाचा कोट शिवला होता मी, माझ्या जावयाचा. फार भला माणूस. पण तो बारीक होता."

मी म्हणतो, असेल बुवा.