पापडीचं डोहाळजेवण

…नाही, नाही, मला एवढंच सांगा, मांजरीचं डोहाळजेवण असतं का हो कुठं? असतं? तुमच्याकडं असेल तर मी गप्प बसते. पण आमच्या बारामतीत तरी मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि झालं कुठं? माझ्याच घरात! पाट माझा, पाटावरची शाल माझी, मांजर माझी, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही! थर्माकोलची चंद्रकोर आणली होती हो, चमकी लावलेली, कुणाच्या तरी सुनेच्या कार्यक्रमातली उरलेली! तिच्यात पापडीला बसवली, गळ्यात मोगऱ्याचा गजरा… पापडी तो गजरा खातेय, आणि बायका म्हणतायत, "बाई बाई, डोहाळे बघा कसे लागलेत!" मी म्हटलं, अहो, मांजर आहे ते! ऐकतंय कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, शबीना काहीतरीच बडबडते.

आमचं भुसाराचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी… म्हणजे उंदरांचं माहेर! ह्यांनी, म्हणजे आमच्या इरफाननी, सगळे उपाय केले. औषध ठेवलं तर मलाच रडू येई, चिकट पुठ्ठा ठेवला तर ह्यांचाच पाय चिकटला. आणि उन्हाळ्यात एक दिवस बघते तर ज्वारीच्या थप्पीवर ही बसलेली! कुणाची, कुठली, पत्ता नाही. रंग म्हणजे कसा, तव्यावर विसरलेला पापड… इथं काळा, तिथं तांबूस, मध्येच पांढरा. म्हणून पापडी. डाव्या कानाचं टोक तेवढं उडालेलं. हे म्हणाले, "फायटर दिसते. कुठल्या तरी बोक्याला नडली असणार." मीही मान डोलवली. आणि तुम्हाला सांगते, महिन्याभरात दुकानात उंदीर औषधाला उरला नाही!

झालं! कीर्ती पसरली की हो! माणूस शेरभर डाळ घ्यायला येतो आणि जाताना म्हणतो, "भाभी, हिची पिल्लं झाली की एक आपल्याला." पहिला नंबर कऱ्हाटीच्या सर्जेरावतात्यांचा. तात्या म्हणजे मोठे शेतकरी, आवाज असा की थप्पीवरचं पोतं खाली यावं. "भाभी! आपलं एक पिल्लू बुक! गोदामात उंदरांनी नुसता धुडगूस घातलाय. पण बोका द्या बरं का. मादी नको."

मी म्हटलं, "मादी का नको तात्या? ही उंदीर धरते ती मादीच आहे की."

"व्हय, पण मादीचं वाढतच जातंय. बोका बरा. खाऊन-पिऊन मोकळा."

त्यांच्यानंतर ज्यानं मागितलं त्यानं बोकाच मागितला. मिठाईवाल्याला बोका, पिठाच्या गिरणीला बोका, समोरच्या द्वारकाबाईंच्या लेकीला बोका! मी आपली मनात म्हणतेय, मांजर काय ऑर्डर घेऊन पिल्लं देणार आहे? माद्या झाल्या तर त्यांचं काय? एकदा विचारलंच द्वारकाबाईंना. त्या म्हणाल्या, "जातात गं त्या कुठंतरी."

कुठंतरी!

आता हसू नका हं जरा. हे कुठंतरी मी बघितलंय. सकाळी कालव्याच्या कडेनं चालायला जाते मी, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. तिथं एकदा पोत्याची चुंगडी पडली होती आणि चुंगडीतून आवाज येत होता. इवलासा. सोडली. आत पिल्लं. आवाज करणारं एकच राहिलं होतं… तेही घरी येईपर्यंत माझ्या ओढणीत गार पडलं. आणि पोतं उलटं करून बघते तर त्यावर शिक्का आमच्या दुकानाचा! आमच्याकडून धान्य नेलेलं कुणीतरी, आमच्याच पोत्यात… कोण असेल, ते मी शोधलं नाही. शोधून काय करणार होते? पण त्या दिवशी ठरवलं, पापडीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. ऑपरेशन करायचं. आणि कुणाला मांजर हवंच असेल तर आधी मी घर बघणार. का नाही बघायचं? लेक देताना बघतो ना? दार कसं आहे, माणसं कशी आहेत, पाण्याची सोय आहे का!

गेले की मी कऱ्हाटीला! तात्यांनी हौसेनं चहा केला. मी गोदाम बघितलं, कुत्रं बघितलं, विचारलं, "ह्याला बांधता का? रात्री मांजर कुठं झोपणार? आजारी पडलं तर कोण नेणार? मोठं झालं की ऑपरेशन करणार का?" तात्यांचा कप तोंडापाशीच थांबला. म्हणाले, "अहो भाभी, मांजर हाय ते! पोरगी न्हाय!"

बघा! मी विचारलं की ते मांजर! आणि द्वारकाबाईंनी काय केलं? द्वारकाबाईंनी स्थळ आणलं!

हो, स्थळ! त्यांचा भाचा यशराज, इंदापूरला असतो, त्याच्याकडं सुलतान नावाचा बोका. हाफ पर्शियन. गाडीतून आले, काचा वर, एसी चालू, बोका मागच्या सीटवर उशीवर. मी पोहे केले होते. आता का केले म्हणाल तर सवय, दुसरं काय! द्वारकाबाई म्हणतात, "शबीना, मुलाचं रूप बघ! घराणं बघ!" रूप म्हणजे काय, नाक आतमध्ये गेलेलं आणि श्वास घेतला की आमच्या जुन्या कुकरसारखा आवाज. आणि तो यशराज मला समजावतोय, "मावशी, आपण गावठी गाईला नाही का चांगलं वीर्य देत? संकरित झालं की किंमत येते. गावठी मांजर फुकट दिली तरी कोणी नेत नाही. ह्यांची पिल्लं लोक बुकिंग करून नेतील."

मी म्हटलं, "अरे बाळा, पण पापडीत सुधारायचं काय आहे? तिला श्वास घेता येतो!"

तर द्वारकाबाई डोळ्याला पदर लावून म्हणतात, "बाईच्या जन्माला आलीय बिचारी. एकदा तरी आई होऊ दे की गं तिला. एकदाच!" आता एकदाच म्हणजे किती? पोतंभर! आणि त्यातल्या माद्या? गावठी नाकाच्या निघाल्या तर त्या? मी विचारलं. यशराज म्हणाला, "त्या जातात कुठंतरी."

मला ठसकाच लागला. मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर येते तर गाडी गेलेली, आणि सुलतान उशीसकट माझ्या दिवाणावर! मला मेलीला नाही म्हणता येत नाही ना, हे सगळ्या गल्लीला ठाऊक, म्हणून मला विचारतच नाहीत!

बरं, जावयानं काय दिवे लावले? पापडीनं एक फुर्र केलं, आणि सुलतान जो कपाटावर चढला तो उतरेचना! खाणं वर, पिणं वर. एकदा कुठून तरी चुकलेला एक उंदीर समोरून गेला तर ह्यानं डोळे मिटून घेतले. मला बरंच वाटलं हो. म्हटलं, हा कपाटावर आहे तोवर पापडी सुखात आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना ऑपरेशनसाठी फोन केला, त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात आणा.

आणि त्याच आठवड्यात पापडीचं पोट वाढलं.

मी रडले, खोटं कशाला सांगू! हे म्हणाले, "अगं, पण तो खाली उतरला कधी?" मी काय पहारा देत होते? गल्लीत मात्र आनंदीआनंद! द्वारकाबाई सुलतान आल्यापासून रोज उजनीची चिलापी मासळी तळून आणतच होत्या, आता मिठाईवालाही खवा धाडतोय, गिरणीवाल्याकडून दूध… बाळंतीण व्हायची आहे म्हणून! आणि मग ते डोहाळजेवण! ओटीत सुकट घातली, सुकट! मग द्वारकाबाईंनी झाकलेल्या दोन वाट्या मांडल्या. पेढा का बर्फी! पेढा निघाला तर बोके, बर्फी निघाली तर माद्या. सगळ्या बायका वाकून बघतायत, दुकानातली गिऱ्हाइकं दारात उभी, तात्या सगळ्यांच्या पुढं. पापडीनं एक वाटी हुंगली, दुसरी हुंगली, पंजा मारला… बर्फी!

सगळ्यांची तोंडं अशी उतरली! एक बाई तर म्हणाली, "पुन्हा करून घ्या, तिला कळलं नसेल." आणि तात्या मला बाजूला घेऊन हळूच, म्हणजे त्यांचं हळू, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणतात, "भाभी, डॉक्टरकडं नेणारच हायसा तर मशिनीत बघून घ्या की, बोके किती ते."

मी म्हटलं, "तात्या! अहो तुरुंग आहे त्याला!"

तर म्हणतात कसे, "अहो भाभी, मांजर हाय ते!"

माझ्या अंगावर काटा आला हो. तशीच उठले, पापडीला भाजीच्या टोपलीत घातली, वर ओढणी बांधली, आणि रिक्षानं दवाखाना गाठला. वाटेत तिला सांगतेय, तू घाबरू नकोस, जेवढ्या होतील तेवढ्या मी ठेवीन, बर्फ्या तर बर्फ्या, हे काही बोलले तर त्यांनाच कालव्याकडं पाठवीन!

डॉक्टरीणबाईंनी टोपली उघडली, आधी कान बघितला. आणि हसायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, मारामारीत गेलाय तो."

"मारामारीत इतका सरळ कापला जातो? ही खूण आहे, शबीनाताई. रस्त्यावरच्या मांजरीचं ऑपरेशन झालं की कानाचं टोक कापतात, म्हणजे पुन्हा कुणी धरून आणू नये. हिचं कधीच झालंय." पोटावरचे केस बाजूला करून त्यांनी बारीकसा वणही दाखवला.

"मग… मग पोटात काय आहे?"

"तुम्ही काय घालताय?"

चिलापी! खवा! दूध! सुकट! अहो, अख्खी गल्ली होती तिच्या पोटात! मी तिथंच स्टुलावर बसून हसले, आणि हसता हसता रडले. म्हणजे बघा, कुणीतरी होतं. आमच्या आधी, कुठल्या तरी गावात, कुणीतरी हिला धरलं, नेलं, आणून सोडलं, नाव नाही, गाव नाही, आणि मी इथं उगाच समजत होते की हा घोर जगात मला एकटीलाच लागलाय.

गल्लीत येऊन सांगितलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "आमच्या मुलाची फसवणूक झाली!" यशराजनं सुलतानला परत न्यायला चक्क नकार दिला. "तुमच्याकडं राहून गावठी झाला तो, मावशी. आता ठेवा तुम्हीच." ठेवला. आणि तात्या आले तेव्हा मीच म्हटलं, "तात्या, बोका नाही. मंडईमागं एक पिल्लू रोज ओरडतंय. मादी आहे. ऑपरेशन मी करून देते, तुम्ही फक्त कुत्रं बांधा." तात्यांनी बराच वेळ टोपी डोक्यावरून काढली, घातली, काढली… आणि म्हणाले, "द्या. पण गावात कुणाला मादी हाय सांगू नका." त्यांनी तिचं नाव सरपंच ठेवलंय!

सुलतानचंही मग मी ऑपरेशन करून टाकलं. म्हटलं, कपाटावरून कधी उतरला तर? तर बायका राहिल्या बाजूला, गल्लीतले पुरुष त्याला भेटायला आले हो! बिस्किटाचे पुडे घेऊन! मांडी घालून बसले. तात्या कधी नव्हे ते खरंच हळू म्हणाले, "भाभी, बिचाऱ्याला इचारलं तरी व्हतं का?"

मी म्हटलं, "अहो तात्या, मांजर आहे ते!"

आता सगळं शांत आहे म्हणाल तर, सुलतान कपाटावर, आणि पापडी खाऊन खाऊन अशी झालीय की थप्पीवर चढवावी लागते. दोन-दोन मांजरं घरात, आणि उंदीर परत आले! शेवटी ह्यांनी पिंजरा आणला. आज सकाळी त्यात एक सापडला. पिंजरा माझ्यासमोर धरून हे म्हणतात, "ह्याला कुठं सोडू? का आधी तू जाऊन घर बघून येतेस?" आणि स्वतःच हसतायत, "अगं, मांजरसुद्धा नाही, उंदीर आहे हा!"

काय करणार, घातली चप्पल. कारण मी पिंजऱ्यात नीट वाकून बघितलं ना… पोट चांगलंच दिसत होतं हो तिचं! आता ती पोटुशी होती, का तिनंही द्वारकाबाईंची चिलापीच हाणली होती, ते अल्लालाच ठाऊक!