ताईंची सही

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या पनवेलच्या सुनंदाताई म्हणजे मीच, हे तुम्हाला कधी सांगितलंय का? सिनेमे लिहायचो माझ्या नावावर, कादंबऱ्या बायकोच्या, सुनंदाच्या नावावर. प्रकाशक म्हणायचा, प्रेमकथेवर बाईचं नाव खपतं. सुनंदा गेली तेव्हा पेपरात निधनाची बातमी द्यायला निघालो, तर भेटायला आलेल्या प्रकाशकानेच अडवलं.

"वाचकांना वाटेल लेखिका गेल्या. अहो, लेखिका तर जिवंत आहे ना!"

नाही दिली बातमी. महिन्याभरात कामोठ्याची एक बाई कादंबरीवर सही घ्यायला दारात उभी.

"ताई हायत ना घरात?"

पुस्तक आत नेलं, हार घातलेल्या फोटोसमोर बसून सुनंदाची सही केली आणि आणून दिलं.

"ताई नाय भेटणार?"

म्हटलं, "लिहायला बसली की उठत नाही ती."