बीबीसीवाले आणि स्पेक्ट्रमवाले

(नाशिकच्या एका शाळेची लॅब. टेबलावर शाळेतले सर्वांत जुने दोन कॉम्प्युटर, बीबीसी आणि स्पेक्ट्रम. समोर त्यांवर शिकवणारे निवृत्त शिक्षक, बीबीसीचे देवरे सर आणि स्पेक्ट्रमच्या उज्वलाबाई. मध्ये ललिता, त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, आताची मुख्याध्यापिका.)

उज्वलाबाई : नाय नाय, देवरे सर, आधी माझा लावायचा. मागच्या खेपेलाही तुम्हीच पुढे घुसलात.

देवरे सर : मागची खेप शहाऐंशी सालची, बाई. विसरा आता.

उज्वलाबाई : विसरते कशी? इन्स्पेक्टरसाहेब आले, तर सरळ तुमच्या खोलीत नेलंत त्यांना. माझी पोरं दाराशी ताटकळत उभी.

ललिता : सर, बाई, प्लीज. गेटपाशी काचेचं कपाट एकच आहे. जो आज चालू होईल, तो त्यात बसणार. दसऱ्याच्या पूजेला उद्घाटन. ठरलंय ना आपलं?

देवरे सर : ठरलंय. निकालही मला ठाऊक आहे. माझा बीबीसी सरकारी योजनेतून आला होता.

उज्वलाबाई : मग आमचा काय उकिरड्यावर सापडला? देवळ्याच्या कांदा व्यापाऱ्यानं हौसेनं दिला होता शाळेला. त्याला जोडायला टीव्ही मी घरनं आणायचे, रिक्षात मांडीवर घेऊन. सासूबाई लय तोंड वाजवायच्या.

देवरे सर : आणि तुमचा तो प्रोग्राम कॅसेटवरून लोड होईस्तोवर पोरांचा डबा खाऊन व्हायचा.

उज्वलाबाई : होऊ दे की. चटणीचं तेल लागायचं बटणांना, पण पोरं दाबायची तरी. तुमच्याकडं कसलं सोवळं ते. चपला बाहेर, हात धुवायचे, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. पोरं पाया पडायची त्याच्या.

देवरे सर : शिस्त म्हणतात त्याला. ललिता, लाव बाईंचा आधी. होऊन जाऊ दे.

ललिता : लावला. बाई, काहीच होत नाहीये.

उज्वलाबाई : वायर हलव. एक टपली मार.

ललिता : मारली. बाई, बटणांवरची अक्षरंसुद्धा गेलीयेत. दोन बटणं तर नाहीतच.

उज्वलाबाई : पोरांनी बडवून बडवून खाल्ला गं त्याला. जाऊ दे, हरले मी. वाईट वाटतं, पण हरले.

देवरे सर : आता माझा. कव्हर हळू काढ.

ललिता : बीप वाजला, सर. अक्षरंही आली स्क्रीनवर.

देवरे सर : बघा, बाई. एक बटण झिजलेलं नाही. काल दुकानातून आणल्यासारखा. ललिता, आता तूच एक छोटा प्रोग्राम टाईप करून दाखव यांना. पहिली यायचीस माझ्या वर्गात.

ललिता : वहीत, सर. आम्ही वहीत लिहायचो, टाईप तुम्ही करायचात. तीन वर्षं तुमच्या वर्गात होते, पण याला हात नाही लावला कधी.

देवरे सर : एकदाही नाही?

ललिता : मधल्या सुट्टीत गुपचूप बाईंकडे जायचे. दाबायला तिथेच मिळायचं.

उज्वलाबाई : अहो सर, मनाला लावून घेऊ नका. काही बिघडलं असतं तर तुमच्या नोकरीवर आलं असतं. ते काय मला कळत नव्हतं?

देवरे सर : धास्तीच होती हो. रोज सकाळी मनमाडहून येताना गाडीत तोच विचार, काल कुलूप नीट लावलं ना. पोरांसाठी आलेली वस्तू, आणि मी ती पोरांपासूनच जपत बसलो.

ललिता : पण कपाट तुमचंच, सर. जिंकलात तुम्ही.

देवरे सर : कपाटात बाईंचा ठेव. त्याचं काम करून झालंय. माझा इथेच राहू दे, उघडा. ज्याला पाहिजे त्यानं दाबावा.

ललिता : आणि मोडला तर?

देवरे सर : मोडू दे. खुर्ची ओढ, बस.

ललिता : काय टाईप करू?

देवरे सर : काहीही. तुझं नाव टाक.

उज्वलाबाई : तिचं झालं की मी. एवढी वर्षं खिडकीतूनच बघत होते, सर.