पराभव आधीच कळवला आहे

(कॉलेजचा जिमखाना. खोलीला एकच दार, तेही बाहेर उघडणारं, आणि गजांची एक खिडकी. बाहेर दाराला चिकटून दुचाक्या लागल्या आहेत. आत जिमखान्याचे गोपाळकृष्ण सर आणि मुलींच्या बास्केटबॉल संघातल्या दोघी : कॅप्टन कादंबरी आणि पहिल्या वर्षाची तेजस्विनी.)

तेजस्विनी : पण सर, काल जिंकलो न आपण.

सर : जिंकलो. आता हे वाक्य पुन्हा उच्चारू नका.

तेजस्विनी : काहून?

सर : कारण आपण हरलो आहोत. मी ऑफिसला तसं कळवलंय.

तेजस्विनी : कधी?

सर : मॅचच्या आदल्या दिवशी.

कादंबरी : दर वर्षी आदल्या दिवशीच कळवतात. तू नवीन आहेस.

सर : मॅच संपेपर्यंत ऑफिस बंद झालेलं असतं. अहवाल कसा वेळेत गेलेला बरा. 'मुलींचा संघ पहिल्या फेरीत पराभूत, खेळ मात्र चांगला झाला.' इतक्या वर्षांत त्यात कधी चूक निघाली नाही.

तेजस्विनी : मग आता निघाली म्हणून सांगा न.

सर : प्राचार्यांची सही झाली. संघ हरलाच आहे तर कोर्ट कशाला अडवायचं, म्हणून त्यांनी ते पार्किंगला दिलं. मंगळवारी बास्केटचे खांब काढायला माणसं येतायत.

तेजस्विनी : आन् लोकं आजपासूनच गाड्या लावून राहिले?

कादंबरी : पुण्यात पार्किंगची बातमी सहीच्या आधी पोचते. दार ढकलून बघ परत.

तेजस्विनी : नाही हलून राहिलं. कोणाची तरी अ‍ॅक्टिव्हा आहे, हँडल लॉक केलेली. सर, इथे 'गाडी लावू नये' अशी पाटी होती न?

सर : आहे. तिच्यावर हेल्मेट अडकवलंय. बसा आता. केळी खा. सकाळीच मंडईतून आणली आहेत.

तेजस्विनी : जिंकल्याची?

सर : हरल्याची. आम्ही पराभवानंतर केळी देतो.

तेजस्विनी : आन् जिंकलं तर काय भेटते?

सर : इडली, असं अंधुक आठवतं. शेवटची मॅच शर्मिलाच्या टीमने जिंकली होती. आता तिची मुलगी इथेच अकरावीत आहे. व्हॉलीबॉल खेळते.

कादंबरी : समंजस आहे.

सर : संघ मुळात खांबांमुळे निघाला. मुलांना नवे खांब आले. जुन्यांचं काय करायचं, म्हणून मुलींची टीम काढली. पुढे मुलांची टीम बंद पडली, नवे खांब विकले. जुने राहिले.

कादंबरी : आणि त्यांच्या दोन्ही रिंगा वाकून वीतभर खाली आलेल्या. म्हणून बाहेर खेळायला गेलं की आमचे सगळे बॉल वीतभर कमी पडतात.

तेजस्विनी : काल तुझा शेवटचा तर नाही पडला, ताई.

कादंबरी : तो मी टाकला नव्हता. फेकून दिला होता. शिट्टी होणारच होती, तो आपला कुठेतरी जावा म्हणून फेकला. तो आत गेला. त्याला मी काय करू?

तेजस्विनी : मग तू काहून चिडून राहिली?

कादंबरी : कारण मी हरण्याच्या भरवशावर सोमवार दिला होता. खराडीला नोकरीचं जॉइनिंग आहे, साडेनऊला. आणि आता पुढची मॅच सोमवारी अकराला.

तेजस्विनी : एक दिवस मागून घे न.

कादंबरी : मागितला. एचआरमधली मुलगी स्वभावाने फार गोड आहे. म्हणाली, मॅच रेकॉर्डिंगला लाव आणि संध्याकाळी घरी जाऊन निवांत बघ.

तेजस्विनी : मग आम्ही चौघी खेळतो.

सर : चौघींना पंच मॅच सुरू करू देत नाहीत. पाच लागतात.

तेजस्विनी : एखादी सहावी नाही का?

कादंबरी : सहावी असती तर मी अजून इथे असते? बी.ए. झालं. मराठीत एम.ए. झालं. मग राज्यशास्त्रात. आता इतिहासात. 'नवीन मुलगी मिळेपर्यंत थांबा,' म्हणतात आणि जून आला की प्रवेशाचा फॉर्म हातात देतात. सर, मला इतिहासातलं काहीही येत नाही.

सर : कल्पना आहे. इतिहासवाले मला भेटून गेले.

कादंबरी : पुढच्या वर्षी मी वयातच बसत नाही. तुम्हाला सोडावंच लागलं असतं. पण दोन कंपन्यांनी नाही म्हटल्यावर ही मिळालीय. बाबांनी सोसायटीत पेढे वाटलेत. सोमवारी नाही गेले तर जागा दुसरीला देणार, असं कंपनीने स्पष्ट सांगितलंय.

सर : मी अडवत नाही. सोमवारी कोर्टवर पाच जणी दिसल्या, तर मी प्राचार्यांकडे जाऊन अहवाल चुकला म्हणून सांगेन. खांब राहतील. चार दिसल्या, तर अहवाल बरोबरच होता म्हणायचं.

कादंबरी : हे अडवणं नाही?

सर : अडवलंय अ‍ॅक्टिव्हाने. मी फक्त माहिती दिली.

तेजस्विनी : ताई, मला होस्टेलची खोली खेळाडू म्हणून भेटली आहे. टीम गेली तर यवतमाळ.

कादंबरी : हे आत्ताच सांगायला हवं होतं का?

तेजस्विनी : दार उघडं असतं तर तू ऐकायला थांबली नसती.

सर : कादंबरी, काल तो बॉल तुम्ही फेकून दिलात.

कादंबरी : मघाशीच सांगितलं.

सर : त्याआधी वाकून तळहात मोज्याला पुसलात.

कादंबरी : घाम आला होता.

सर : घाम सबंध मॅचभर होता. पुसलात त्या एकदाच. इतकी वर्षं बघतोय, नेम धरायचा असला तरच तुम्ही हात पुसता. फेकून देणारा माणूस हात पुसत नाही.

तेजस्विनी : ताई?

कादंबरी : केळं दे एक.

तेजस्विनी : घे.

कादंबरी : बाहेर कुणी आलंय का बघ.

तेजस्विनी : एक जण आला होता. स्कूटर लावून गेला.

कादंबरी : सर, कोरा कागद आहे?

सर : आहे. कशाला?

कादंबरी : अर्ज करते. तेजू, तू लिही. माझा हात केळ्याने चिकट झालाय.

सर : मोज्याला पुसा.

कादंबरी : लिही गं तू.

तेजस्विनी : कोणाच्या नावानं लिहू? प्राचार्य का कंपनी?

कादंबरी : 'संबंधित अधिकारी' लिही. कुणीतरी असेलच संबंधित.

सर : थोडक्यात ठेवा. लांब अर्ज वाचत नाहीत.

कादंबरी : छोटे तरी कुठे वाचतात. लिही. 'विषय : हजेरीबाबत. महोदय, मी महाविद्यालयाच्या संघातली पाचवी खेळाडू असून खराडीच्या कंपनीत नव्याने रुजू होत आहे. तरी येत्या सोमवारी सकाळी मला दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, प्रत्यक्ष हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'