डोळ्याखालचा भोवरा आणि आमची वेबसाईट

एक होती घोडी, काळीभोर, तिच्या डोळ्याखाली एक भोवरा. एक होते तिला माथेरानावरून चालवत खाली आणणारे रामभाऊ. आणि एक होती त्या रामभाऊंची बायको भीमाबाई, म्हंजे मीच... आता यात काय चुकलं ते तुमी सांगा! गोष्ट अशीच सुरू करतात का नाय? पण नाय! जितेश म्हणतो, "आजी, वेबसाईट अशी नसते सुरू होत." मग कशी होते रं बाबा? तर म्हणे, "वेलकम."

हा जितेश म्हंजे दहिवलीचा, फलक छापायचं दुकान हाय त्याचं. वाढदिवस, निवडणूक, वर्षश्राद्ध, सगळं छापतो. आमच्या सुनीलनं, म्हंजे माझ्या लेकानं, त्याला सांगितलं, घोड्यांची वेबसाईट कर. आता तुमी म्हणाल, म्हातारे, तुला काय करायची वेबसाईट? मला नको होती हो! पण पूर्वी माथेरानचे घोडेवाले आपल्या पायानं आमच्या दारात यायचे, कोंडाण्याच्या लेण्यांच्या रस्त्यानं धूळ उडवत, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, शिंगराचे दात बघायचे, त्याच्या आईची चौकशी करायचे. आता त्यांची पोरं मोबाईलवर घोडं बघतात, जसं काय ते मोबाईलवरच चरणार हाय! तीन वर्षं झाली, दारात गिऱ्हाईक नाय. सुनीलची पाठ गेलेली, सात जनावरांची चंदी, वैरण, खरारा, सगळं त्याच्या अंगावर. शेवटी एक दिवस बोलला, "आये, दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक लागलं तर ठीक. नायतर सातही जनावरं दलालाच्या टेंपोत. मला होत नाय आता."

दलाल म्हंजे काय ठाऊक हाय ना? सात घोडी सात दिशांना. एक वरातीत, एक चौपाटीच्या वाळूत, एक कुठं ते इचारायचं नाय. पाखरीची वेल तिथंच तुटली म्हणायची.

पाखरी म्हंजे तीच, पहिली, भोवऱ्याची. साठ वर्षं झाली. रामभाऊ तेव्हा माथेरानला एका घोडेवाल्याकडं मोतद्दार, घोड्यांची देखभाल करायचे. त्या घोडेवाल्याच्या पाखरीला डोळ्याखाली भोवरा निघाला. केसांचा भोवरा हो, तुमच्या-आमच्या टाळूवर असतो तसाच. पण घोड्याच्या डोळ्याखाली असला की त्याला आसूढाळ म्हणतात, म्हंजे डोळ्यातून आसू ढळतंय असं दिसतं, आणि असं घोडं ज्याच्या दारात, त्याच्या घरातली बाई जन्मभर रडते म्हणे! मालक ती घोडी कुणालाही द्यायला तयार, घेणारं कुणी नाय. रामभाऊ म्हणाले, "आमी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सोडलं, द्या इकडं." आणि आणली की चालवत! मी नवी नवरी, दारात उभी. शेजारची धोंडूबाई, तीही माझ्याएवढीच, पदर तोंडाला लावून म्हणाली, "भीमे, आता तू रडशील गं."

रडले का मी? इचारा धोंडूबाईला!

साठ वर्षं वाट बघतेय ती. पाखरीची चिंधी झाली, चिंधीची साखरी, साखरीची मोगरी, मोगरीची टपोरी, आणि टपोरीची ही करवंदी, चार वर्षांची, रानातल्या करवंदासारखी काळी, आणि डोळ्याखाली भोवरा, हुबेहूब पाखरीचा. एवढ्या पिढ्यांत मी रडले ती एकदाच, रामभाऊ गेले तेव्हा. धोंडूबाईनं ते लगेच धरलं! मी म्हटलं, ते धरायचं नाय. नवरा सगळ्यांचाच जातो, ज्यांच्या दारात बोकड पण नाय त्यांचा पण जातो.

तर... कुठं होते मी? हां, वेबसाईट.

जितेशनं केली बाबा. माझी नात दर्शना, सुनीलची लेक, तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. वरती पांढराशुभ्र घोडा समुद्राच्या काठानं उधळलेला, आयाळ अशी हवेत! मी म्हटलं, "हा कुणाचा रं?" जितेश म्हणाला, "नमुन्याचा आहे आजी, सगळे लावतात." खाली सुनील, काळा चष्मा, हात जोडलेले, वरून फुलं पडतायत, आणि माझा काळा सुनील गोराफट्ट! त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या गावाची नावं. मी म्हटलं, "अरे, याचा वाढदिवस हाय का हा निवडणुकीला उभा राहिलाय?" तर म्हणे, "आजी, लोकांना भारी वाटतं."

वाटलं ना भारी! पहिले आठ फोन आले ते पांढऱ्या घोड्यासाठी. "तो पांढरा आहे का हो?" नाय. "मग कुठे आहे?" मला काय ठाऊक तो कुठं हाय, समुद्राच्या काठानं पळत होता, पोचला असेल कुठंतरी! दोन माणसं तर खरोखर आली, पण जितेशनं नकाशावर खूण अशी लावली होती की ती गेली शेजारच्या फार्महाऊसच्या पोहायच्या हौदावर, आणि तिथल्या राखणदाराला इचारतायत, घोडी कुठंय?

रडले का मी? नाय. पण भाद्रपद संपत आला होता.

मग जितेशला सुनीलनं झापला, तेव्हा तो येऊन आमच्या जनावरांचे फोटो काढून गेला. मला दाखवले, पण मोबाईलवर नखाएवढं घोडं, मला काय दिसतंय? चार दिवसांत घाटावरनं एक मिशीवाला टेंपोच घेऊन आला. टेंपो घेऊन आला म्हंजे न्यायच्याच तयारीनं ना! सुनीलनं अंगात नवा सदरा घातला. मिशीवाल्यानं करवंदीच्या पाठीवर हात फिरवला, खूर उचलून बघितले, दात बघितले, सगळं पसंत, आणि मग तोंड आपल्याकडं वळवलं न् डोळ्याखाली बोट ठेवलं.

"हे काय?"

मी म्हटलं, "भोवरा."

"फोटोत नाही!"

आणि मोबाईल माझ्या नाकाला लावला. आता मला अक्षर कळत नाय, पण करवंदीचं तोंड कळतं ना! गाल असा गुळगुळीत, जसं काय लोणी लावून पुसलाय. मिशीवाला म्हणतो, "घोडं बदललं तुम्ही. नायतर भोवरा लपवला. फसवता काय?" आणि रिकामा टेंपो घेऊन गेला की हो निघून!

फसवता काय... साठ वर्षांत या दारात हा शब्द कुणी काढला नव्हता. रामभाऊ गिऱ्हाईकाला आधी भोवरा दाखवायचे, मग घोडी. ज्याला चालला त्यानं नेली, ज्याला नाय चालला तो चहा पिऊन गेला.

बोलावला जितेशला. म्हटलं, "भोवरा कुठं गेला रं?" तर तो काय म्हणतो! "आजी, मला वाटलं डाग आहे. मी सगळ्यांचेच डाग काढतो. उमेदवारांचे काढतो, घोडीचा काढला."



मिशीवाल्यानं वर आमच्या नावापुढं एक चांदणी लावून ठेवली. दर्शना म्हणाली, "आजी, पाचातली एकच दिली." मी म्हटलं, "एक तरी दिली ना त्यानं?" तर म्हणाली, "त्याहून कमी देताच येत नाही." फोन बंद. दसरा बारा दिवसांवर. सुनीलनं दलालाला निरोप धाडला, आणि धोंडूबाई कुंपणापाशी आली, "भीमे, दलाल येणार म्हणं..." आणि माझ्या डोळ्यांकडंच बघतेय!

रडले का मी? नाय! जितेशला म्हटलं, "तुझा कॉम्प्युटर आण, या बादलीवर ठेव, आणि मी सांगते तसं लिही. तो पांढरा पहिला हाकल. सुनीलची फुलं झाड. आणि वरती, सगळ्यांत वरती, करवंदीच्या डोळ्याखालचा भोवरा लाव, ताटाएवढा."

"आजी, ताटाएवढा?"

"परातीएवढा लाव! आणि लिही. एक होती घोडी, तिच्या डोळ्याखाली एक भोवरा. हा भोवरा ज्याच्या दारात त्याच्या घरची बाई रडते असं म्हणतात. साठ वर्षं हा भोवरा आमच्या दारात हाय आणि या घरातली बाई घोड्यापायी कधी रडली नाय. ज्याला चालत नसेल त्यानं इथनंच मागं फिरावं, राग नाय."

जितेशनं लिहिलं बिचाऱ्यानं. मग म्हटलं, एकेकीचं घे. "करवंदी. आई टपोरी, आजी मोगरी, पणजी साखरी, खापरपणजी चिंधी, तिची आई पाखरी..."

"आजी, खापरपणजीच्या वर काय म्हणतात?"

"पाखरी म्हणतात. लिही पुढं. उजव्या बाजूनं चढू देत नाय. पोरांच्या अंगावर कधी जात नाय, पण पोराच्या हातात बिस्कीट ठेवत नाय. छत्रीला बुजते. बुजली की धोंडूबाईच्या भातात जाते. हाक मारली की आपली आपण परत येते."

"आजी, खोडी कोण लिहितं?"

मी म्हटलं, "बाळा, घोड्याची खोड आपण पहिल्या दिवशी सांगायची, नायतर दुसऱ्या दिवशी घोडं सांगतं. टपोरीचं लिही. लाथ मारते, पण आधी शेपूट झटकते. म्हंजे सांगून मारते. हा गुण हाय, माणसं कुठं सांगून मारतात?"

सुनील तबेल्यातनं ओरडला, "आये, घोडी विकतेयस का त्यांच्यावर तक्रार लिहून देतेयस?"

"तू गप रं! आणि जितेश, ती नकाशाची खूण काढ. लिही, कोंडाण्याच्या रस्त्यानं या, मोबाईलचा टॉवर दिसला की डावीकडं वळा, लीद दिसली की समजा पोचलात."

आठ दिवस काय नाय. धोंडूबाईचं नाव मोबाईलवर आलं म्हणून ती तेवढी गावभर सांगत फिरली, आणि वर मलाच म्हणते, "माझं भात लिहिलंस, माझा फोटो नाय लावलास!"

नवव्या दिवशी फोन. बाईचा आवाज. "आजी, छत्रीला बुजते म्हणजे किती बुजते?" मी म्हटलं, "बाई, ते सांगण्यासारखं नाय, बघण्यासारखं हाय." आली की दुसऱ्या दिवशी! खालापूरकडची, रूपाताई, पोरींना घोड्यावर बसायला शिकवते, स्वतःची शाळाच हाय तिची. पॅन्ट, टोपी, पायात गुडघ्याएवढे बूट. टॉवरवरनं डावीकडं वळली, लीद दिसली, बरोब्बर दारात उतरली. पाऊस नाय, थेंब नाय, आणि हातात छत्री!

सुनीलनं बघितली आणि त्याचं तोंड असं झालं... "ताई, ती जरा गाडीतच—" म्हणेपर्यंत तिनं करवंदीपुढं फट्‌दिशी उघडली.

आई गं!

करवंदीनं चारही पाय उचलले, दावं तोडलं, सुनीलला आडवा केला, बादली उडवली, कुंपण ओलांडलं आणि धोंडूबाईच्या पिकल्या भातात गेली ती गेलीच! धोंडूबाई विळा घेऊन बांधावर, "भीमे! माझं भात गं! आज तरी रडशील!" सुनील डोक्याला हात लावून बसलेला, दर्शना डोळे झाकून उभी, आणि मी... मी आपली नेहमीसारखी हाक मारली, "करवंदेऽऽ." आली. तोंडात लोंब्या, मान खाली, आणि माझ्या पाठीमागं तोंड लपवून उभी राहिली, जसं काय भातात दुसरीच कोणीतरी गेली होती.

मी म्हटलं, संपलं. दसरा दोन दिवसांवर.

रूपाताई मोबाईल काढून वाचतेय. मोठ्यानं! "'छत्रीला बुजते. बुजली की धोंडूबाईच्या भातात जाते. हाक मारली की आपली आपण परत येते.' आजी, हे तर शब्दन्‌शब्द झालं!" आणि हसायला लागली, कुंपणाला धरून हसतेय. म्हणाली, "मी महिनाभर वेबसाईटी बघतेय. सगळीकडे नुसते देवदूत विकायला आहेत. घोडी पहिल्यांदा तुमच्याकडे वाचायला मिळाली. छत्रीची सवय मी लावीन, ते माझं कामच आहे. न सांगितलेलं मला नको असतं."

मी म्हटलं, "बाई, भोवरा नीट बघून घे, मागनं म्हणू नको."

तर तिनं टोपीच काढली. "आजी, माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. लहानपणापासून सगळे म्हणायचे, हिची दोन लग्नं होणार. मी एकसुद्धा नाही केलं."

घेतली हो तिनं करवंदी! आणि टपोरीची पुढची दोन शिंगरं पण तिचीच, असं तिथंच ठरलं. सुनीलनं दलालाला कळवलं, येऊ नको. बाकीच्या सहाजणी तबेल्यात राहिल्या, सुनीलच्या हाताखाली एक गडी आला, आणि फोन तर इतके येतात की दर्शनानं त्याच्यासाठी वही केलीय. कुणी इचारत नाय की घोडं किती चांगलं हाय. इचारतात, खोड काय ते सांगा!

पण तुमाला सांगते, दसऱ्याच्या सकाळी टेंपो आला. करवंदी चढली, डाव्या बाजूनंच, शहाण्यासारखी. आणि चढल्यावर मान वळवून माझ्याकडं बघितलंन्, भोवऱ्याची बाजू... हुबेहूब पाखरी! रामभाऊंच्या हातात दोरी, मी दारात उभी, ते सगळं एकदम पुढ्यात आलं, आणि माझा हात पदर घेऊन डोळ्याकडं निघाला...

बांधावर धोंडूबाई. साठ वर्षांची वाट, मान अशी पुढं काढून! दर्शना मोबाईल धरून उभी, वेबसाईटला लावायला. रूपाताई बघतेय. सुनील दातांतल्या दातांत म्हणतोय, "आये... आये, वरती काय लिहिलंय लक्षात हाय ना?"

आता सांगा! सात जनावरं वाचली, दाराचं नाव राहिलं, साठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडण्यासारखं चांगलं झालं, आणि मला रडायची सोय नाय... मीच सांगून लिहवलंय, या घरातली बाई घोड्यापायी रडली नाय म्हणून. लिहिलेलं खोटं कसं पाडू?

पदर कमरेला खोचला. धोंडूबाईला म्हटलं, "काय बघतेस? चल, चहा टाकते."