चौदा ताटांची ऑर्डर

हसू नका, पण माझ्या ॲपचं पहिलं गिऱ्हाईक मीच घालवलं. नववीत शाळा सोडली आणि व्हिडिओ बघून मोबाईलच्या स्क्रीन डिझाइन करायला शिकलो. हौस म्हणून लोहगडवाडीतल्या टपऱ्यांसाठी ॲप केलं. गडावरूनच पिठलं-भाकरी सांगायची, खाली आलं की ताट तयार. हिरव्या बटणाचा हिरवा ठरवायलाच मला तीन आठवडे लागले. टपरीवालीनं मिनिटभरात बटण दाबलं नाही तर ऑर्डर आपोआप शेजारच्या टपरीला जायची, या नियमाचा तर मला फार अभिमान.

रविवारी पहिली ऑर्डर आली, चौदा ताटांची. टपरीवाल्या सखूमावशीचा फोन वाजला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

"मावशी, ते हिरवं बटण," मी पुटपुटलो.

"आरं, हात कुटं रिकामा हाय? तूच दाब की!"

पण चाचणीत वापरणाऱ्याला मदत करायची नसते, असं व्हिडिओत सांगितलं होतं. मी हाताची घडी घालून उभा. पिठाच्या बोटाला स्क्रीन दाद देईना. मावशीनं कोपर टेकवलं, तर भाषा इंग्रजी झाली. तेवढ्यात मिनिट संपलं आणि ऑर्डर गेली शेजारी, तिच्या जावेकडे. दोघींचं बोलणं बंद. जावेच्या हातची भाकरी कुणाला चाववत नाही, त्यामुळे ती निवांत फोनच बघत बसली होती.

मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे जिच्याकडं कुणी फिरकत न्हाई, तिलाच गिऱ्हाईक धाडायचं यंत्र केलंस व्हय रं?"