मागं थांबायला काय होतं?

...आणि आइस हॉकीत आमचा संघ हरला की दोष कुणाला? आमच्या रीसला. गोलकीपरच्या दोन पायांमधून चकती सरळ जाळ्यात गेली, दोष रीसला. पुढच्या पोरांनी उघड्या जाळ्यासमोर काठी नुसती हवेत फिरवली, दोष रीसला. परवा तर रिंकच्या कँटीनमध्ये फ्राइजवरचा रस्सा गार निघाला, तेव्हा रांगेत माझ्या पुढं उभा असलेला माणूस मान हलवत म्हणतो, ‘तो रीस मागं थांबत नाही ना, तिथूनच सगळं बिघडलंय.’ आता रश्श्याचा आणि रीसचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

मी काही खेळातला जाणकार नाही. शाळेत फार गेलो नाही, सगळी उमर गव्हाच्या कोठारावर काढली, आणि बोलायला मी सावकाश, माझं वाक्य अर्ध्यावर येईपर्यंत समोरचा माणूस कॉफी संपवून उठून गेलेला असतो. पण हा पोरगा आमच्या घरी राहतो ना, म्हणून सगळ्या हार्लन गावाची तक्रार माझ्या दारात. आमच्या संघातली बहुतेक पोरं बाहेरगावची, सतरा-अठरा वर्षांची, सप्टेंबरात बॅगा घेऊन उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत गावातल्या घरांत राहतात, कुणाकडं एक, कुणाकडं दोन. आमच्या वाट्याला रीस आला. पहिल्या आठवड्यात ‘मिस्टर नेस्टर’ म्हणायचा, मग नेटीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला सांगितलं की आमच्या युक्रेनी घरांत आजोबाला गिदो म्हणतात, तेव्हापासून मी गिदो. सकाळी मी उठून फावडं शोधतोय तोवर यानं दारातला बर्फ काढून टाकलेला असतो. आमची स्वतःची मुलं इथं होती तेव्हा त्यांच्याकडून एक पायरीसुद्धा साफ झाली नाही, पण ते जाऊ द्या.

तर हा खेळतो बचावाला. मागच्या दोघांतला एक. आता मागच्यानं मागं राहावं, आपलं जाळं राखावं, असं लोकांचं म्हणणं. पण रीसला चकती मिळाली की तो निघालाच... ह्याला चुकवून, त्याला वळसा घालून, पार समोरच्यांच्या जाळ्यापर्यंत. कधी गोल होतो. कधी चकती सुटते, मग समोरची दोन पोरं उलटी सुसाट सुटतात, इकडं गोलकीपर एकटा बिचारा, आणि सगळी बाकं एका सुरात, ‘अरे, मागं थांबायला काय होतं?’ गोल झाला तर हीच माणसं उभी राहून घोंगड्या फिरवतात, ते मात्र सोमवारी कुणाच्या लक्षात नसतं.

सगळ्यात मोठा आवाज मर्व्हचा. मर्व्ह माझा जुना दोस्त, शाळेची बस चालवायचा, त्यामुळं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. रोज सकाळी पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी आम्ही कॉफीला बसतो. बसलो की सुरू.

‘नेस्टर, तुझ्या पोराला सांग जरा.’

‘माझा नाही तो.’

‘जेवतो कुणाकडं?’

‘आमच्याकडं.’

‘मग तुझाच. नेटी काय घालते त्याला?’

म्हटलं, पेरोगी. बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, त्यावर लोणी, परतलेला कांदा.

‘दुप्पट घाल म्हणावं. जड झाला की आपोआप मागं राहील.’

सगळं टेबल हसलं. मीही हसलो. काय करणार?

त्या संध्याकाळी मी रीसला विचारलंच. तो काही रागावला नाही. त्यानं बशीतल्या पेरोगी मांडल्या, काट्यानं सरकवत म्हणाला, ‘हा मी, गिदो. मी वर गेलो की पुढच्या तिघांतला एक खाली येतो आणि माझी जागा धरतो. तसं ठरलेलंच आहे.’

‘मग येत का नाही?’

त्यानं ती जागा धरणारी पेरोगी उचलून तोंडात टाकली. ‘येईल,’ म्हणाला. नाव घेतलं नाही हो पोरानं.

मग पुढच्या सामन्याला मी चकतीकडं बघितलंच नाही. रीस वर गेला की मागं जी जागा रिकामी पडते ना, तिच्यावर नजर ठेवून बसलो. आणि तिथं यायला हवं होतं कुणी? डॅनीनं. डॅनी कुठं? समोरच्या जाळ्यापाशी काठी आपटत उभा, ‘मला दे, मला दे.’ आणि हा डॅनी कोण? मर्व्हचा नातू.

आता तुम्हाला सांगतो, माझी काय पंचाईत झाली असेल. मर्व्ह माझ्या शेजारीच बसतो. त्याच्या घोंगडीचं अर्धं टोक माझ्या गुडघ्यांवर असतं. त्याची बायको गेल्यापासून घरी त्याला बोलायला कुणी नाही, शनिवारी डॅनी बर्फावर उतरला की त्याचा चेहरा असा उजळतो... त्या माणसाला मी काय सांगू? मी घोंगडी वर ओढून घेतली, आणि तो माझ्या कानात ओरडला, ‘मागं थांबायला काय होतं?’

तशात ग्लेन आला. ग्लेन संघाचा अध्यक्ष, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि पोरांबद्दलही त्याच आवाजात बोलतो. मी दारात ट्रकचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री लावलेल्या हीटरची वायर काढत होतो, थंडी अशी की नाकातला केस न् केस गोठलेला, आणि हा गाडीतून न उतरता, काच बोटभर खाली करून मला सांगतोय, ‘नेस्टर, जानेवारीत दहा तारखेपर्यंत पोरांची अदलाबदल करता येते. लोक वैतागलेत. तो तुझं ऐकतो, त्याला सांग, मागं थांब. नाहीतर मला तो दुसऱ्या गावाला देऊन टाकावा लागेल.’

देऊन टाकावा लागेल, म्हणे. जसा काही गिअरबॉक्स.

मी घरात आलो. नेटी जेवणाचं टेबल लावत होती, तीन बशा. मुलं कॅल्गरीला गेल्यापासून किती वर्षं आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्याशीच उभ्यानं काहीतरी खाऊन घ्यायचो. तो पोरगा आल्यापासून तिघं टेबलाशी बसतो. मी त्या तिसऱ्या बशीकडं बघितलं आणि ठरवलं, सांगायचं.

जेवताना तीनदा तोंड उघडलं, तीनदा बटाटा भरला. शेवटी म्हटलं, ‘रीस, तू जरा... मागं थांबत जा.’

त्यानं काटा खाली ठेवला. ‘तुम्हालाही तसंच वाटतं, गिदो?’

आता मला काय वाटतं? तो चकती घेऊन निघाला की बाकाखाली माझेच पाय चालायला लागतात, ह्या वयात, त्या बुटांत. पण मी म्हटलं, ‘हो. वाटतं.’

‘बरं,’ म्हणाला. आणि थांबला की हो. इतका आज्ञाधारक पोरगा मी बघितला नाही. चकती आली की दुसऱ्याला द्यायची आणि आपल्या जाळ्यासमोर उभं राहायचं. सामना झाला, आमचा एकही गोल नाही. दुसरा झाला, नाही. तिसऱ्याला तर लोक रीसच्या नावानं ओरडायला लागले, ‘अरे, वर जा की. पायांत खिळे ठोकलेत का?’ आणि मर्व्ह, तोच मर्व्ह बरं का, कोपरानं मला ढोसून म्हणतो, ‘ह्या पोराचं बिनसलंय काहीतरी. नेस्टर, तू काही बोललास का त्याला?’

मी म्हटलं, माझी कॉफी गार होतेय.

नऊ तारखेला ग्लेन पुन्हा दारात. पुन्हा बोटभर काच. ‘काय करू, नेस्टर? आम्हाला वर जाणारा बचावपटू पाहिजे. हा तर नुसता उभा राहतो. वॉलफर्डला दिलाय, त्यांच्याकडचा एक घेतलाय, तो जातो वर.’

मी बोलायला लागेपर्यंत त्यानं काच वर केली होती.

रीसनं बॅग भरली. नेटीनं त्याचे मोजे पुन्हा धुतले, धुतलेलेच होते. मला सांगायचं होतं की बाबा, ते मी तुला इथं ठेवून घ्यायला म्हणालो होतो, मला तसं मुळीच वाटत नाही. पण ट्रक सुरू होता, वॉलफर्डचा माणूस घड्याळ बघत होता आणि माझं आपलं ‘रीस, ते त्या दिवशी...’ इथंच अडकलं. पोरगा म्हणाला, ‘गिदो, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाका, घसराल.’ आणि गेला.

तो नवा आला ना, वॉलफर्डहून, तो दुसऱ्या घरी राहतो. वर जातो, चकती घालवतो, डॅनी काठी आपटत उभा. आणि लोक? ‘मागं थांबायला काय होतं?’ नाव तेवढं बदललंय.

तर परवाच्या शनिवारी वॉलफर्ड आमच्याकडं खेळायला आलं. मी नेहमीच्या जागी, मर्व्हच्या घोंगडीखाली. अटीतटीचा सामना, दोन-दोन, शेवटची काही मिनिटं, आणि रीसला चकती मिळाली. निघाला. तसाच, पूर्वीसारखा. आणि मला वाटलं, आता ह्याची चकती सुटणार, मग आमची पोरं उलटी धावणार, मग हा वॉलफर्डमध्येही नकोसा होणार, त्याला आणखी लांब कुठंतरी देऊन टाकणार... आणि जो माणूस आयुष्यात कधी गुरांवर ओरडला नाही तो मी उभा राहून ओरडलो, ‘रीस, मागं थांब.’ सगळे श्वास रोखून बसलेले, त्यात माझा आवाज छपरापर्यंत गेला.

तो कसला थांबतोय. त्यांचा पुढचा एक पोरगा शहाण्यासारखा खाली आला, रीसची जागा धरून उभा राहिला, आणि रीसनं चकती आमच्याच जाळ्यात घातली. सामना गेला. सगळं गाव माझ्याकडं बघतंय. मर्व्हनं घोंगडी माझ्या गुडघ्यांवरून काढून घेतली. ‘नेस्टर, तू नक्की कुणाच्या बाजूचा आहेस?’

सामन्यानंतर त्यांच्या बसपाशी गेलो. पोरगा कोट-टाय घालून, केस ओले, टोपी नाही. नेटीनं त्याला पेरोगीचा डबा दिला, टोपीवरून झापलं. मला वाटलं, आता सांगावं ते राहिलेलं. तेवढ्यात तोच हसत म्हणतो, ‘गिदो, हे लोक कमाल आहेत. मी आता त्यांच्या संघातही नाही, तरी कुणीतरी मागं थांब म्हणून ओरडलंच. कोण होतं?’

नेटीनं माझ्याकडं बघितलं. मी बुटांकडं बघितलं.

‘मर्व्ह,’ म्हटलं. ‘किती सांगितलं त्याला. ऐकतच नाही.’